पुलीला घर्षण असेल तर एफबीडी कसा काढायचा

पुलीची गणितं करताना बहुतेक जण समीकरणात नाही अडकत, चित्रात अडकतात. सुरुवातीची सगळी गणितं "पुली वजनरहित आणि घर्षणरहित माना" अशीच असतात, त्यामुळे डोक्यात एक गोष्ट पक्की बसते की दोरी एक म्हणजे टेन्शन (दोरीतली ओढ) एक, आणि पुली म्हणजे फक्त दोरी वळवायची जागा, तिचं वेगळं चित्र कशाला काढायचं. मग एखाद्या गणितात "पुलीला घर्षण आहे" असं येतं आणि लोक काय करतात, दोन ब्लॉकचे तेच जुने एफबीडी (फ्री बॉडी डायग्रॅम, म्हणजे एका वस्तूवर लागणारी सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र) काढतात, दोन्हीकडे टी लिहितात, आणि घर्षणाचा बाण कुठेतरी चिकटवून देतात, कधी दोरीवर कधी ब्लॉकवर. उत्तर चुकतं आणि का चुकलं ते कळतच नाही, कारण समीकरणं सोडवलेली बरोबर असतात.

मी अशा बऱ्याच वह्या बघितल्यात आणि माझं ठाम मत झालंय की यावर इलाज एकच, पुलीला स्वतःचा एफबीडी द्या. ब्लॉकला जसा देता तसाच, वेगळा, मोठा, नीट. बाकीचं सगळं त्यातून आपोआप निघतं.

पेन उचलायच्या आधी एक प्रश्न: घर्षण कोणाकोणामध्ये?

घर्षण हे कायम दोन गोष्टींमध्ये असतं. "पुलीला घर्षण आहे" हे वाक्य अर्धवट आहे, कारण पुली दोन ठिकाणी घासू शकते, एक तर मधल्या आसावर आणि दुसरं म्हणजे कडेला दोरीशी. शिवाय ब्लॉक टेबलावर किंवा उतारावर असेल तर तिथलं घर्षण तिसरं. ही तीन घर्षणं वेगवेगळ्या एफबीडीवर जातात आणि वेगवेगळं काम करतात, त्यामुळे आधी हे ठरवल्याशिवाय एकही बाण काढू नका.

ब्लॉक आणि टेबलामधलं घर्षण ब्लॉकच्या एफबीडीवर जातं, बस. पुलीचा त्याच्याशी काही संबंध नाही, पुली आदर्श असेल तर टेबल कितीही खरखरीत असो, दोरीच्या दोन्ही बाजूंना टेन्शन सारखंच राहतं. हे पुन्हा वाचा, कारण टेबलाला घर्षण आहे म्हणून टी१ आणि टी२ वेगळे धरणारेही बरेच असतात.

आसाचं घर्षण, म्हणजे बेअरिंगचं, पुलीच्या एफबीडीवर टॉर्क म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम म्हणून जातं, फिरण्याच्या विरुद्ध दिशेने. हे असलं की दोन्ही बाजूंचं टेन्शन वेगळं.

आणि दोरी-पुलीमधलं घर्षण, हे सगळ्यात जास्त गोंधळ घालतं. पुली मोकळी फिरत असेल आणि दोरी तिच्यावर न सरकता तिला सोबत घेऊन फिरवत असेल, तर तिथलं घर्षण स्थितिक असतं, म्हणजे त्यात ऊर्जा वाया जात नाही, उलट तेच घर्षण पुलीला फिरवतं. ते नसतं तर दोरी नुसती घसरत गेली असती आणि पुली जागेवर उभी राहिली असती. गणितात "दोरी पुलीवर सरकत नाही" किंवा "पुली खरखरीत आहे" असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुतेक वेळा हेच सांगायचं असतं. पण पुली जाम झाली असेल किंवा पुलीऐवजी पक्का बसवलेला दांडाच असेल आणि दोरी त्यावर घासत जात असेल, तर ती वेगळी गोष्ट, तिथे टेन्शन दोरीच्या प्रत्येक बिंदूला बदलत जातं. त्याचं चित्र पूर्ण वेगळं काढावं लागतं, ते शेवटाकडे बघू.

बाण कुठून येतात

माझी पद्धत अगदी साधी आहे. ज्या वस्तूचा एफबीडी काढायचाय तिच्याभोवती एक तुटक रेघ ओढायची, बंद वेटोळं. ही रेघ जिथे दोरी कापते तिथे दोरीच्या दिशेत, वस्तूपासून बाहेर जाणारा बाण. दोरी फक्त ओढते, ढकलत नाही, म्हणून बाण कायम बाहेरच. रेघ जिथे एखाद्या पृष्ठभागाला लागते तिथे दोन बाण, एक लंब म्हणजे नॉर्मल आणि एक पृष्ठभागाला समांतर म्हणजे घर्षण. आणि एक बाण वजनाचा, खाली. संपलं. याच्या बाहेरचा कुठलाही बाण एफबीडीवर येत नाही. वस्तुमान गुणिले त्वरण हा बाण नाहीये, ते समीकरणाच्या उजव्या बाजूला लिहायचं असतं, आणि दाखवायचंच असेल तर चित्राच्या बाजूला सुटा बाण काढून त्यावर ए लिहा, वस्तूला चिकटवू नका.

आता पुली. ब्लॉकचा एफबीडी काढताना आपण ब्लॉकचा ठिपका केला तरी चालतं कारण तो फिरत नाही. पुलीचा ठिपका करायचा नाही, कधीच नाही. पुली फिरते, म्हणजे बल कुठे लागलंय याला महत्त्व आहे, म्हणून तिचं गोल वर्तुळ काढायचं, चांगलं मोठं, मध्ये आसाचा छोटा गोल. तुटक रेघ अशी ओढायची की पुली आणि पुलीला टेकलेला दोरीचा तुकडा दोन्ही आत येतील. आता रेघ दोरीला दोन ठिकाणी कापते, तिथे टी१ आणि टी२, दोन्ही वर्तुळाच्या कडेला, स्पर्शरेषेत, बाहेर जाणारे. रेघ आतल्या बाजूला आसापाशी पुलीला लागते, तिथे आसाची प्रतिक्रिया, केंद्रातून जाणारी. पुलीचं वजन, तेही केंद्रातून खाली. आणि आसाचं घर्षण, ते वळलेला बाण म्हणून, पुली ज्या दिशेला फिरतेय त्याच्या उलट.

दोरीचा तुकडा पुलीसोबत आत घेतलाय याचा फायदा लक्षात घ्या. दोरी आणि पुलीमधलं घर्षण आता वेटोळ्याच्या आतली गोष्ट झाली, दोरी पुलीला जेवढं ओढते तेवढंच पुली दोरीला मागे ओढते, दोन्ही आतच मिटतं, म्हणून ते चित्रात येतच नाही. लोक टी१, टी२ पण काढतात आणि वर कडेला घर्षणाचा बाण पण काढतात, म्हणजे एकच परिणाम दोनदा मोजला जातो. एक काहीतरी निवडा. दोरीसकट पुली घेतली तर फक्त टेन्शन. नुसती पुली घेतली, दोरी बाहेर ठेवली, तर टेन्शन अजिबात नाही, फक्त दोरीचा नॉर्मल आणि दोरीचं घर्षण, आणि ते सगळ्या कडेवर पसरलेलं. पहिला मार्ग किती सोपा आहे ते दिसतंच.

या चित्रातून जे समीकरण निघतं ते असं (टी२ जड बाजूचं, आर म्हणजे पुलीची त्रिज्या, आय म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, फिरवायला पुली किती जड जाते ते, आणि अल्फा म्हणजे पुलीचं कोनीय त्वरण):

टी२ × आर - टी१ × आर - घर्षणाचा टॉर्क = आय × अल्फा

यात आय शून्य टाका आणि टॉर्क शून्य टाका, टी२ = टी१ येतं. म्हणजे "दोन्हीकडे टेन्शन सारखं" हा निसर्गाचा नियम नव्हताच कधी, तो या समीकरणाचा एक खास केस होता, जो आपल्याला इतक्या वेळा दिला गेला की नियमच वाटायला लागला. हे एकदा मनापासून पटलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिलं उदाहरण, दोन लटकलेली वजनं

एका पुलीवरून दोरी, डावीकडे २ किलो, उजवीकडे ३ किलो. पुली म्हणजे २ किलोची भरीव चकती, त्रिज्या ०.१ मीटर. आसाच्या घर्षणाचा टॉर्क ०.२ न्यूटन-मीटर. दोरी सरकत नाही, दोरीला वजन नाही. जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, ९.८ धरू.

ही रचना जॉर्ज अ‍ॅटवुड यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी तिचं वर्णन १७८४ मध्ये प्रसिद्ध केलं. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते, त्यांच्या यंत्रात मुख्य पुलीचा आस साध्या भोकात बसवलेला नव्हता, तो दुसऱ्या छोट्या चाकांच्या कडांवर टेकवलेला होता, म्हणजे आस घासायच्या ऐवजी ती चाकंच हळूहळू फिरायची. त्यांना घर्षण किती त्रास देतं हे नीट माहीत होतं म्हणूनच एवढा खटाटोप केला.

तीन वस्तू, तीन चित्रं. डाव्या ब्लॉकवर वर टी१, खाली १९.६ न्यूटन. उजव्या ब्लॉकवर वर टी२, खाली २९.४. पुलीवर डाव्या कडेला खाली जाणारा टी१, उजव्या कडेला खाली जाणारा टी२, केंद्रातून खाली पुलीचं वजन १९.६, केंद्रातून वर आसाची प्रतिक्रिया, आणि पुली घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणार म्हणून घर्षणाचा वळलेला बाण काट्यांच्या उलट. एक गोष्ट तपासा, ब्लॉकवर टी१ वर आहे आणि पुलीवर टी१ खाली आहे, असंच पाहिजे, कारण एकाच दोरीची दोन टोकं दोघांना ओढतायत. पुलीवर टी१ वर जाणारा काढला असेल तर तिथेच थांबा आणि खोडा.

दिशा ठरवताना मी नेहमी दोरीच्या बाजूने प्लस धरते, उजवा ब्लॉक खाली प्लस, पुली काट्यांप्रमाणे प्लस, डावा ब्लॉक वर प्लस. असं केलं की चिन्हांची मारामारी होत नाही, एकच ए सगळीकडे चालतो.

टी१ - १९.६ = २ × ए
२९.४ - टी२ = ३ × ए
(टी२ - टी१) × ०.१ - ०.२ = आय × अल्फा

भरीव चकतीचा आय म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि दोरी सरकत नाही म्हणून अल्फा = ए भागिले आर. तिसऱ्या ओळीला ०.१ ने भागलं की होतं टी२ - टी१ - २ = १ × ए. म्हणजे २ किलोची चकती हिशोबात १ किलोसारखी वागते, आणि घर्षणाचा टॉर्क त्रिज्येने भागला की २ न्यूटनच्या मागे ओढणाऱ्या बलासारखा वागतो. तिन्ही ओळींची बेरीज करा, टेन्शन उडून जातात, ७.८ = ६ × ए, म्हणून ए = १.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. मग टी१ = २२.२ आणि टी२ = २५.५ न्यूटन.

हेच पुली आदर्श धरून केलं असतं तर ए आला असता १.९६ आणि दोन्हीकडे टेन्शन २३.५२. फरक बघा केवढा आहे.

आता चित्र बरोबर होतं का याची तपासणी, ही बहुतेक जण करत नाहीत पण करावी. दोन टेन्शनमधला फरक ३.३ आहे. त्यातले १.३ पुलीला फिरवायला गेले (१ × १.३) आणि २ घर्षणाला. जुळलं. आणि आस पुलीला वर किती ढकलतोय, २२.२ + २५.५ + १९.६ = ६७.३ न्यूटन. सगळ्या सामानाचं एकूण वजन मात्र ६८.६ आहे. १.३ न्यूटन कुठे गेले? ३ किलो खाली जातंय आणि २ किलो वर येतंय, त्यामुळे सगळं मिळून खाली त्वरण घेतंय, ३ × १.३ वजा २ × १.३, म्हणजे बरोबर १.३. असा हिशोब जुळला की समजा तुमची तिन्ही चित्रं एकमेकांशी बोलतायत.

दुसरं उदाहरण, टेबलावरचा ब्लॉक

टेबलावर ४ किलोचा ब्लॉक, टेबलाच्या उजव्या कडेला पुली, खाली लटकलेला २ किलो. ब्लॉक-टेबल स्थितिक घर्षणांक ०.३, गतिक ०.२५. पुली १ किलोची भरीव चकती, त्रिज्या ०.१ मीटर, आसाच्या घर्षणाचा टॉर्क ०.०७ न्यूटन-मीटर, सुरू होतानाही तेवढाच धरू.

इथे पहिली पायरी चित्राच्याही आधीची, हलणार का हेच बघायचं. लटकलेलं वजन ओढतंय १९.६ ने. थांबवू शकणारं जास्तीत जास्त, टेबलाचं ०.३ × ३९.२ = ११.७६ आणि आसाचं ०.०७ भागिले ०.१ म्हणजे ०.७, मिळून १२.४६. १९.६ मोठं, म्हणून हलणार, आणि हललं की गतिक घर्षण वापरायचं. हे न बघता थेट गतिक घर्षण टाकलं आणि ए निगेटिव्ह आला तर काही जण म्हणतात "उलट दिशेने जातंय". नाही, घर्षण कधीच वस्तूला उलटं पळवत नाही. तसं उत्तर आलं म्हणजे वस्तू जागेवरच आहे आणि तुम्ही घर्षण जास्त धरलंय.

ब्लॉकवर चार बाण, खाली ३९.२, वर नॉर्मल ३९.२, उजवीकडे टी१, डावीकडे घर्षण ०.२५ × ३९.२ = ९.८. लटकलेल्यावर दोन बाण. आणि पुलीवर, इथे जरा हळू जा, टी१ पुलीच्या वरच्या बिंदूला डावीकडे जाणारा, टी२ उजव्या बिंदूला खाली जाणारा. पुली काट्यांप्रमाणे फिरते, टी२ तिला फिरवतो, टी१ अडवतो, आसाचं घर्षणही अडवतं. टेबलाच्या घर्षणाचे ९.८ पुलीच्या चित्रात अजिबात नाहीत, ते ब्लॉकवर काम करून टी१ मधून पुलीपर्यंत पोचलेलेच आहेत.

टी१ - ९.८ = ४ × ए
१९.६ - टी२ = २ × ए
टी२ - टी१ - ०.७ = ०.५ × ए

बेरीज, ९.१ = ६.५ × ए, ए = १.४. टी१ = १५.४, टी२ = १६.८. फरक १.४, त्यातले ०.७ फिरवण्यात आणि ०.७ घर्षणात.

पुलीचा आस इथे कुठल्या दिशेला ढकलतो हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही कारण त्यांनी पुलीचं चित्रच काढलेलं नसतं. चित्र असेल तर काही नाही त्यात, डावीकडे १५.४, खाली १६.८ अधिक पुलीचं वजन ९.८ म्हणजे २६.६, त्यामुळे आसाने उजवीकडे १५.४ आणि वर २६.६ द्यायला हवं, एकूण साधारण ३०.७ न्यूटन, तिरपं. पुली टेबलाला धरून ठेवणारा कंस हेच सोसत असतो.

आसाचं घर्षण टॉर्क म्हणून दिलेलंच नसेल तर

वरच्या दोन्ही गणितांत टॉर्कचा आकडा आयता मिळाला. पण खऱ्या आयुष्यात आणि जरा चांगल्या गणितांत आसाची त्रिज्या आणि घर्षणांक देतात, आणि टॉर्क तुम्हाला काढायचा असतो. तेव्हा आसाची प्रतिक्रिया, जी आत्तापर्यंत नुसती तपासणीसाठी वापरली, तीच मुख्य होते. टॉर्क = म्यू × आसावरचं बल × आसाची त्रिज्या, म्यू म्हणजे घर्षणांक. (काटेकोर सूत्रात म्यूच्या जागी घर्षणकोनाचा साइन येतो, पण म्यू लहान असेल तर फरक नगण्य.) इथे त्रिज्या आसाची घ्यायची हं, पुलीची नाही, घर्षण जिथे घासतंय तिथे आहे.

समजा १०० न्यूटनचं ओझं एका पक्क्या पुलीवरून संथ, एकसारख्या वेगाने वर ओढायचंय, पुलीची त्रिज्या ५० मिलिमीटर, आसाची ५ मिलिमीटर, म्यू ०.२, पुलीचं वजन सोडून देऊ. आपण दोरी खालीच ओढतोय, म्हणजे पुलीवर दोन्ही कडांना खाली जाणारे बाण, एक १०० चा आणि एक आपल्या एफ चा, आणि आसाकडून वर एफ + १००. त्वरण नाही म्हणून टॉर्क सगळे मिटले पाहिजेत:

एफ × ५० = १०० × ५० + ०.२ × ५ × (एफ + १००)

यातून एफ = १०० × ५१ / ४९ = १०४.१ न्यूटन. आता ओझं हळूहळू खाली सोडायचं असेल तर पुली उलटी फिरते, घर्षणाचा वळलेला बाणही उलटा होतो, आणि एफ = १०० × ४९ / ५१ = ९६.१. या दोन आकड्यांच्या मध्ये कितीही जोर लावा, ओझं जागेवर राहतं. म्हणून कोणी विचारलं "ओझं स्थिर ठेवायला किती बल लागेल" तर एक आकडा हे उत्तरच नाही, ९६.१ ते १०४.१ हा सगळा टप्पा हे उत्तर आहे, आणि हे कळण्यासाठी तुम्हाला घर्षणाच्या बाणाच्या दोन दिशांची दोन चित्रं काढावी लागतात.

आस जाड केला, १५ मिलिमीटर, तर तोच हिशोब ५३ / ४७ होतो आणि ११२.८ न्यूटन लागतात. म्हणून पुली मोठी आणि आस बारीक असेल तर ओढायला सोपं जातं. आणि अशाच मूळच्या ४ पुल्यांवरून दोरी एकामागे एक गेली, प्रत्येकीवर अर्धा वेढा, तर प्रत्येक पुली टेन्शनला ५१ / ४९ ने गुणत जाते, चौथ्यानंतर १.१७ पट. तेव्हा अनेक पुल्यांच्या रचनेत प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव द्या, टी१, टी२, टी३, टी४. हलत्या पुलीखाली ओझं लटकलेलं असेल तर "२ × टी = ओझं" असं हात आपोआप लिहितो, त्याला आवरा, टी१ + टी२ = ओझं असं लिहा (ओझ्याला त्वरण नसेल तर), आणि टी१ टी२ चं नातं पुलीच्या टॉर्कवरून येऊ द्या.

पुली फिरतच नसेल

आता ते बाजूला ठेवलेलं प्रकरण. दोरी पक्क्या गोल दांड्यावरून किंवा जाम पुलीवरून घासत जाते. इथे पुलीचा एफबीडी उपयोगाचा नाही, कारण पुली हलतच नाही, तिला धरणारा टॉर्क किती आहे ते आपल्याला माहीत नाही. इथे दोरीच्याच एका बारीक तुकड्याचा एफबीडी काढायचा. केंद्राशी अगदी छोटा कोन करणारा तुकडा घ्या. एका टोकाला टेन्शन टी, दुसऱ्या टोकाला टी पेक्षा किंचित जास्त, दोन्ही स्पर्शरेषेत बाहेर. दांड्याकडून बाहेर ढकलणारा छोटा नॉर्मल. आणि स्पर्शरेषेत, दोरी ज्या दिशेला सरकतेय त्याच्या उलट, छोटं घर्षण.

दोन टेन्शन अगदी एका रेषेत नाहीत, दोघांचा थोडा थोडा भाग केंद्राकडे जातो, आणि तोच दोरीला दांड्यावर दाबतो, म्हणून नॉर्मल = टी × छोटा कोन. घर्षण म्हणजे म्यू गुणिले तो नॉर्मल, आणि तेवढंच टेन्शन वाढतं. म्हणजे टेन्शनची वाढ टेन्शनच्याच प्रमाणात, आणि असं जिथे असतं तिथे घातांकी वाढ येते:

टी-मोठा = टी-लहान × ई चा (म्यू × थीटा) घात

ई म्हणजे साधारण २.७१८ हा स्थिरांक, आणि थीटा म्हणजे दोरी किती कोनातून गुंडाळलीय, रेडियनमध्ये, डिग्री टाकली तर सगळं बिघडतं. हे सूत्र ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि यात दांड्याची त्रिज्या कुठेच नाही, जे मला अजूनही दर वेळी सुंदर वाटतं. म्यू ०.३ असेल तर अर्ध्या वेढ्याला प्रमाण २.५७, एका पूर्ण वेढ्याला ६.५९, आणि तीन वेढ्यांना तब्बल २८६ च्या आसपास. म्हणूनच खुंटाला दोर तीन वेळा गुंडाळला की एक माणूस प्रचंड ओढ हातात धरून ठेवू शकतो.

कुठली बाजू मोठी हे सूत्राला माहीत नसतं, ते चित्रावरून ठरवायचं. दोरी ज्या बाजूला सरकतेय (किंवा सरकू बघतेय) ती बाजू मोठी. १०० न्यूटनचं ओझं अर्ध्या वेढ्यावर नुसतं धरून ठेवायचं असेल तर ओझ्याची बाजू मोठी, हाताला ३९ पुरतात. तेच वर ओढायचं असेल तर हाताची बाजू मोठी, २५७ लागतात.

आणि शेवटी, सरकत नाही हे खरंच खरं आहे का

पहिल्या दोन उदाहरणांत आपण मुकाट्याने धरलं की दोरी पुलीवर सरकत नाही. गणितात लिहिलेलं असेल तर ठीक, नसेल तर तपासायचं, आणि तपासायला वरचंच सूत्र कामाला येतं, फक्त इथे ते मर्यादा सांगतं. टी२ भागिले टी१ हे ई चा (म्यू × थीटा) घात याच्यापेक्षा कमी असेल तोवर दोरी पकडून राहते. पहिल्या उदाहरणात २५.५ / २२.२ = १.१५, वेढा अर्धा, म्हणजे म्यू साधारण ०.०४५ असला तरी पुरे. दुसऱ्यात १६.८ / १५.४ = १.०९, पण वेढा पाव, म्हणून ०.०५६ हवा. दोरीचा घर्षणांक याहून सहसा बराच जास्त असतो, त्यामुळे आपलं गृहीतक चाललं.

पण दोरी गुळगुळीत असेल, किंवा पुली फार जड असेल, किंवा बेअरिंग खूपच अडकत असेल आणि हे प्रमाण मर्यादेच्या वर गेलं, तर दोरी सरकणार. बाण तेच राहतात, समीकरणं बदलतात. अल्फा = ए भागिले आर ही ओळ खोडायची, त्या जागी टी२ = टी१ × ई चा (म्यू × थीटा) घात ही ओळ लिहायची, म्यू गतिक घ्यायचा. दोन ब्लॉकच्या दोन ओळी आणि ही तिसरी, यातून ए, टी१ आणि टी२ मिळतात. मग पुलीची ओळ सगळ्यात शेवटी वापरायची, तिच्यातून फक्त अल्फा काढायचा, आणि तो ए भागिले आर पेक्षा कमी आलाच पाहिजे, कारण दोरी पुढे पळतेय आणि पुली मागे राहतेय. जास्त आला तर सरकण्याची दिशा उलटी धरली गेलीय, चित्राकडे परत जा.